मास्तर, पाला मी नेला नव्हता

मास्तर, तुमच्या जपानी चहाचा डबा सध्या माझ्या खोलीतल्या कोनाड्यात आहे. तुम्हाला माती देऊन नऊ दिवस झाले तेव्हा काकूंनी तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "ने बाबा. ह्या घरात हे गवत आता कोण पिणार हाय?" मी आणला, ठेवला आणि समोर बसून राहिलो. झाकणावरचा धागा सोडायची हिंमत होईना. तुमच्या माघारी डब्याला हात लावायचा नाही, हे चार वर्षांत अंगात इतकं भिनलंय की वाटत होतं, आत्ता दारातून आवाज येईल, "ए नागपूर, गाठ कुणी सोडली?"

मी नागपूरचा नाही, भंडाऱ्याकडचा. हे तुम्हाला शंभरदा सांगून झालं. तुम्ही म्हणायचे, "नकाशात बोटभर अंतर हाय. तेवढं चालतंय की."

मिलच्या रंगखात्यातल्या लोकांनी मला सांगितलं, मास्तरांवर चार ओळी लिहून दे, फळ्यावर लावू. तुम्ही कुठं जन्मले, किती वर्षं रंगमास्तर होते, ते दुसरं कुणी लिहील. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस, लिहायला बसलो की हाताला घाम येतो. पण आपल्या दोघांत एक प्रकरण अर्धं राहिलं आहे. तुम्ही मला चोर समजूनच जग सोडलंत की नाही, एवढा हिशेब आधी मांडायचा आहे. ते मिटल्याशिवाय तुमच्याबद्दल एकही चांगला शब्द माझ्याच्यानं लिहवणार नाही.

पहिल्यापासून सांगतो. संशय आधी मला आला होता, तुमचा.

आमच्याकडे बाप गेला आणि मी मागावर बसलो. पुढे मागच बंद पडला तेव्हा आई, बायको, लेकरू तिकडेच ठेवून सोलापूर गाठलं. चादरीच्या मिलमध्ये, रंगखात्यात, सुताच्या लड्या उचलायचं काम मिळालं. तिथं माझं बोलणं सगळ्यांना गंमत. मी म्हणायचो, "येऊन राहिलो ना भाऊ." सांगोल्याचा दादू लगेच म्हणायचा, "लेका, येतोयस का राहतोयस, एक काय ते ठरीव की!" सगळं खातं हसायचं. मीही हसायचो, पण मनात धास्ती. परक्या मुलखात माणूस हसतो तेव्हा बाजूला कोण काय बोलतंय तेही ऐकत असतो.

अशात एक दिवस तुम्ही मला खोलीत बोलावलं आणि कान नसलेली एक बारकी वाटी पुढं केली. आत पोपटी पाणी. रंगखात्यात मास्तरानं हिरवं पाणी प्यायला दिलं तर माणसानं काय समजावं? मी तुमच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, तुमच्या मागच्या फळीवरच्या रंगाच्या डब्यांकडे पाहिलं. तुम्ही म्हणाले, "चहा हाय. जपानचा. पी." मिलनं तुम्हाला पक्के रंग शिकायला सहा महिने तिकडं धाडलं होतं आणि तिथला एक रंगारी दोस्त अजून दरसाल पार्सलनं डबे पाठवतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी डोळे मिटून प्यायलो.

"जिभेवर काय आलं?"

"काही नाही."

"परत पी."

परत प्यायलो. आणि तोंडातून निघून गेलं, "धान कापल्यावर बांधीत, भाताच्या वावरात, वास येते ना, तसं."

तुम्ही खुर्चीतून उठलातच. "बरोब्बर! आमच्या ज्वारीवाल्यांना हे दहा वर्षांत कुणाला सांगता आलं न्हाय. कुणी म्हणतंय पालेभाजी, कुणी म्हणतंय औषध." मग दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिसऱ्या दिवशीही.

खात्यात कुजबुज सुरू झाली. दादू म्हणाला, "रंग तुझ्यावर पक्का बसतोय का बघतंय म्हातारं." आणि मग हळू आवाजात, "आज चहा पाजतोय. उद्या इचारंल, संपाचं कोण बोलतंय. बघ तू." मी बघत राहिलो. रोज वाटी हातात घेताना वाटायचं, आता विचारतील. माझी उत्तरंसुद्धा तयार होती: मला काही माहीत नाही, मी बाहेरचा माणूस. महिने गेले. तुम्ही जिभेवर काय आलं याच्यापलीकडे काही विचारलं नाही. मला तर त्याचाही संशय यायचा, की हा माणूस इतका वेळ का लावून राहिला.

मग तुम्ही चहा करायलाच शिकवलं. पहिल्यांदा किटली दिली तेव्हा मी पाल्याला चांगली खळखळून उकळी आणली, आमच्याकडे चहा म्हणजे तसाच. तुम्ही वाटी खिडकीतून बाहेर ओतली. "कडुलिंबाचा काढा कुणी मागितला होता?"

तुम्ही शिकवलं ते तसंच्या तसं माझ्या हातात आहे. पाणी आधी नीट उकळायचं, पण ते पाल्यावर घालायचं नाही. रिकाम्या वाट्यांत ओतायचं. वाट्या तापतात, पाणी थोडं निवतं. वाटीला तळहात लावायचा. चटका बसून हात काढावा लागला तर थांबायचं. तीनदा 'शिव शिव' म्हणेपर्यंत हात टिकला की पाणी तयार. तोवर किटलीत पाला घालायचा, माणशी एक चमचा, शीग न लावता. वाट्यांतलं पाणी किटलीत, झाकण लावायचं, आणि हात मांडीवर. हलवायचं नाही, ढवळायचं नाही, झाकण उचलून बघायचं नाही. मनात शंभर मोजायचे. "लडी रंगात सोडली की तिला सारखं ढोसतोस का? मग पाल्याला का ढोसतोस?" ओततानाही एक वाटी भरून मग दुसरी असं नाही. थोडं हिच्यात, थोडं तिच्यात, पुन्हा उलट. "एका लॉटातल्या दोन लड्या दोन शेडच्या निघाल्या तर मी काय करीन तुझं?" आणि शेवटी किटली उपडी धरून थेंब न् थेंब झाडायचा, कारण आत पाणी राहिलं की दुसऱ्या खेपेचा चहा कडू. दुसऱ्या खेपेला पाणी जास्त गरम, थांबणं नावाला. तिसऱ्या खेपेला तर उकळतंच चालतं. किटलीला साबण नाही, राख नाही, नुसतं पाणी. आणि उरलेला ओला पाला फेकायचा नाही. तुमचा जपानी दोस्त तो कसलंसं खारट पाणी टाकून खायचा म्हणे. तुम्ही शेंगाचटणी लावून भाकरीबरोबर खायचे आणि काकू तोंड फिरवायच्या.

तो शेवटचा थेंब तुम्ही नेहमी तुमच्या वाटीत पाडून घ्यायचे. "सगळी चव ह्याच्यात उतरती. शिकवणाऱ्याचा हक्क हाय." मी म्हणायचो, बरं.

याच खोलीत तुम्ही मला टक्के शिकवले. इतक्या वजनाच्या सुताला इतका रंग, कागदावर कसं काढायचं. सहावीतल्या गुरुजींना जे जमलं नव्हतं ते तुम्ही चहा मुरेपर्यंतच्या शंभर आकड्यांत शिकवलं. आणि सगळ्यात आधी एक नियम घोकून घेतला: शेड बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी बदललं तर रंग तोच ठेव, रंग बदलला तर माणूस तोच ठेव. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुणाची ते शिवालाबी कळायचं न्हाय.

मास्तर, तुमचा नियम तुम्हीच मोडला. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

निवृत्तीच्या आधी तुम्ही साहेब लोकांशी दोन वर्षं भांडून मिलमध्ये मऊ पाण्याची टाकी बसवून घेतली. सोलापूरचं जड पाणी रंग धरू देत नाही, हे तुमचं रोजचं गाऱ्हाणं. टाकी बसली, चादरींचे रंग उजळले, आणि शेवटच्या दिवशी हार घातलेल्या गळ्यानं तुम्ही त्या टाकीवर थाप मारली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पोराच्या पाठीवर मारावी तशी.

मग तुम्ही सात रस्त्यामागच्या घरी बसलात. हाताला कंप आला होता. काकू गवताला शिवायला तयार नव्हत्या. तुम्ही मला म्हणाले, पहिली पाळी सुटली की ये, चहा तूच करायचा. आणि येताना टाकीचं पाणी आण, कॅन भरून. "चांगल्या रंगाला चांगलं पाणी, तर चांगल्या चहाला का नको?"

मिलमध्ये मी शिकत होतो तरी प्यायचा चहा तुमच्याच हातचा असायचा, तोही नळाच्या पाण्याचा. म्हणजे पाणी बदललं आणि हातही बदलला. एकाच दिवशी.

पहिल्याच वाटीला तुमचा चेहरा उतरला. पोपटी जाऊन पाणी पिवळट, जुनाट. चव सपाट, मागून साबणासारखं काहीतरी. तुम्ही म्हणाले, नवीन हात आहे, बसेल. आठवडा गेला, बसला नाही. नवा डबा फोडला, तरी तेच. मी उकळी कमी करून पाहिली, शंभराचे साठ मोजले. तुम्ही डब्यात बोटं घालून पाला उजेडात धरायला लागलात. एकदा विचारलंत, "हा त्यातलाच हाय न्हवं?"

"त्यातलाच, मास्तर."

"शेवग्याचा पाला वाळवला तर बी असाच दिसतो."

मी तेव्हा हसलो. मला वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणावर धागा होता. निळं सूत, चार वेढे, आणि वर विणकराची गाठ. मास्तर, माझ्या आज्यापणज्यांनी तीच गाठ मारत जन्म काढले. तुटलेला धागा जोडायची ती गाठ, नखाएवढीही जाड होत नाही. ती तिथं पाहिली आणि मला लख्ख कळलं की झाकण घट्ट बसवण्यासाठी ती बांधलेली नाही. दुसऱ्या कुणी सोडली तर तशीच बांधता येऊ नये म्हणून ती होती. पण मला ती बांधता येते, हे तुम्ही विसरलात. की मुद्दाम बांधलीत? यावरही मी पुष्कळ विचार केला.

रोज तुम्ही गाठ न्याहाळायचे, मग सोडायचे, मग मला डबा द्यायचे. मी रोज पाहायचो आणि पाहिलं नाही असं दाखवायचो. खोलीवर आलो की एकटाच बडबडायचो. काय करणार होतो मी त्या पाल्याचं? सात रस्त्याच्या हॉटेलात विकणार होतो? कोण घेतलं असतं ते गवत, मास्तर? दोनदा ठरवलं, उद्यापासून जायचं नाही. पण न जाणं म्हणजे कबूल करणं. आणि खरं सांगायचं तर, ज्या माणसानं मला लड्या उचलण्यातून काढून शेड जुळवायला बसवलं, त्याच्या दारात चोर म्हणून का होईना, मला जायचं होतं.

उलगडा भातानं केला. मी राहतो ती खोली घरमालकीण लक्ष्मम्माच्या वाड्याच्या मागच्या अंगणात, तिथं तिचा आड आहे. आजूबाजूच्या तेलुगू पद्मशाली बायका डाळीला पाणी त्याच आडाचं नेतात, नळाच्या पाण्यात डाळ दाणे दाणे राहते म्हणून. एका रविवारी मी कॅनमधलं उरलेलं मिलचं पाणी भाताला वापरलं. लक्ष्मम्मा पातेल्यात डोकावली.

"अय्यो! भातात हळद टाकलास काय?"

"नाही."

"मग सोडा टाकलास."

"काहीच नाही टाकलं हो."

"मग भाताला कावीळ झाली म्हण!"

भात पिवळा, गिळगिळीत, मागून तीच साबणाची चव. मी भाताच्या मुलखातला, जेवताना मला भाताशिवाय दुसरं काही दिसत नाही. त्यात मला तुमची वाटी दिसली. दुसऱ्या भाताला फक्त पाणी बदललं, आडाचं घेतलं. तांदूळ तेच, पातेलं तेच, चूल तीच. पांढराफेक.

सोमवारी कॅनमधलं मिलचं पाणी मी अंगणात ओतून टाकलं आणि आडाचं भरलं. तुम्हाला सांगितलं नाही. सांगणार कसा? ज्यानं पन्नास माणसांसमोर त्या टाकीवर थाप मारली, त्याला मी सांगू, मास्तर, तुमची टाकी चादरीला चांगली आहे, पण चहाला तीच चोर आहे? चाळीस वर्षं पाणी ओळखण्यावर भाकरी खाल्लेल्या माणसाला लड्या उचलणाऱ्यानं पाणी शिकवायचं?

त्या दिवशी पहिला घोट घेऊन तुम्ही डोळे मिटले. दुसरी खेप झाली, तिसरी झाली. ओल्या पाल्यालासुद्धा वास होता. मग तुम्ही माझ्याकडे न पाहता, खिडकीकडे पाहून म्हणाले, "माणूस चुकतो. सुधारला, झालं. मी इसरलो. तूबी इसर."

माझ्या कानशिलांत आग झाली. आत्ता बोलावं, आत्ता. तोंड उघडलं, आणि तुमच्या हातातली वाटी थरथरत होती ती पाहिली.

"हो, मास्तर," मी म्हणालो.

तो "हो" मला अजून छळतो. एका शब्दानं मी चोर झालो आणि त्याच शब्दानं सुधारलो. तुम्ही मोठ्या मनानं माफ केलंत, आणि धागा बांधायचं चालू ठेवलंत. माफ केलं तर धागा कशाला, असंही माझ्या मनात यायचं. मी तीन वर्षं मिलमधून कॅन भरून निघायचो, गेटवरच्या माणसाला दाखवायचो, अंगणात ओतायचो, आडाचं भरायचो आणि तुमच्या दारात येऊन म्हणायचो, टाकीचं पाणी आणलं. चोरी केली नव्हती, पण चोरासारखा वागायला लागलो.

मागच्या हिवाळ्यात आई आजारी म्हणून तीन आठवडे गावी गेलो. तेवढे दिवस पाणी दादूनं पोचवायचं ठरलं. आई बरी झाली, मी परत आलो आणि तुमच्या घरात मला काहीतरी बदललेलं दिसलं. दोन गोष्टी. डब्यावरची गाठ वेगळी होती. धागा तोच निळा, पण गाठ स्वयंपाकघरातली, पुरचुंडीला मारतात तसली दुहेरी. मी ती बोटानं चाचपून पाहिली. म्हणजे दुसरं कुणीतरी डबा उघडतंय! आता पाला खरोखरच कमी होईल आणि नाव माझंच येईल. मी डब्याची पातळी डोळ्यानं मोजायला लागलो, तुम्ही कधी मोजली नसेल तशी.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. चहा ओतून झाला, किटली उपडी धरली, तर तुम्ही माझ्या मनगटाला धरून ती माझ्या वाटीवर नेली. शेवटचा थेंब माझ्या वाटीत पडला.

"हे कशाला, मास्तर?"

"पी."

मला वाटलं, परीक्षा आहे. यानं पाला गावाकडे नेऊन विकला असेल तर तो पिताना याचा चेहरा बदलतो का, ते बघतायत. त्या दिवसापासून रोज थेंब माझ्याच वाटीत, आणि रोज मी तो प्यायलो तो आरोपीसारखा, तुमच्या डोळ्यांकडे बघत. तुम्ही रोज विचारायचे, जिभेवर काय आलं. मी म्हणायचो, "चांगला आहे." त्याच्यापुढे एक शब्द नाही. पकडलो जाईन ना.

शेवटच्या त्या आठवड्यात तुम्हाला धाप होती, उशीला टेकून बसायचे. मी वाट्या मांडल्या. तुम्ही मध्येच म्हणाले, "पाणी कुठलं हाय रे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. माझा हात थांबला.

"टाकीचं, मास्तर. मिलचंच."

तुम्ही हसायला लागलात आणि हसण्याचा खोकला झाला. काकू धावत आल्या, माझ्यावर ओरडल्या, काय बोललास त्यांना? तुम्ही हात हलवून म्हणाले, "काय न्हाय, काय न्हाय. मिलचंच हाय म्हणतोय." त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात. आणि मला वाटत राहिलं, खोटं बोलणाऱ्याला बघून हसलात.

म्हणून डबा घरी आणला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो तसाच काखेत मारून मी काकूंकडे गेलो. म्हटलं, त्यांना तरी खरं सांगून टाकावं. त्या अंगणात शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानंच म्हणालो, "काकू, हा डबा मला नको. आधी ऐका. यातला पाला मी कधी नेला नाही. एक चिमूटसुद्धा."

काकूंनी वर पाहिलं. "तू पाला नेलास म्हणून कोण म्हणालं?"

"मास्तर."

"अय्य शिवने!" त्यांनी सूप बाजूला केलं. "बस हितं. तू गावाला गेलास न्हवं, तवा दादूनं पाणी आणलं मिलचं. ह्यांनी मलाच चहा करायला बसवलं. मी म्हणलं, गवताला शिवणार न्हाय. मग सोताच केला, अर्धा सांडला. एक घोट घेतला आन् थुकला. दुसऱ्या दिशीबी तेच. म्हणले, डबा माझ्याच उशाला, नागपूर तिकडं गावाला, मग पाला कोण बदलतंय? तिसऱ्या दिशी काठी घेतली आन् गेले तुझ्या खोलीवर."

"माझ्या?"

"तर! ती तेलुगू बाई भेटली की. तिनं ह्यांनाच झापलं. म्हणली, तुमचा माणूस रोज मिलचं पाणी माझ्या अबोलीच्या बुडात ओततो आन् आडाचं भरून नेतो. झाड वाळलं माझं, भरपाई कोण देणार?"

मला बसवेना आणि उठवेना.

"आडाच्या कट्ट्यावर बसून हसले म्हणं. खोकला येस्तवर हसले. मग सोता बादली वढली. ह्या हातानं! घरी आले ते सदरा भिजलेला. चहा केला, प्याले, आन् मला म्हणले, चाळीस वर्सं पाण्यात घातली आन् पाणीच वळखलं न्हाय. त्या नागपूरनं वळखलं, आन् बोलला बी न्हाय गडी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीबी तेच म्हणलं. सांगा की त्याला. तर म्हणले, कोणत्या तोंडानं? मी माफ केलंय त्याला."

काकू पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मी डबा पुढं केला. "आणि हा धागा? गाठ वेगळी आहे."

"माझी हाय ती. त्यांची बोटं चालत न्हवती. मी म्हणलं, आता कशाला बांधायचा, सोडा तो नाद. तर म्हणले, बांध. एक दिवस जरी नसला तर त्याला कळंल."

"काय कळंल?"

"मला काय ठावं? दोगंबी येडे."

मास्तर, मग मी लक्ष्मम्माच्या आडाचं पाणी आणलं. उघड्या कळशीतून, सात रस्त्यावरून, कुणालाही न लपवता. तुमच्या स्टोव्हवर पाणी ठेवलं. काकूंची पुरचुंडीची गाठ सोडायला विणकराच्या गाठीपेक्षा जास्त वेळ लागला. वाटीला तळहात लावून शिव शिव म्हटलं, शंभर मोजले. थोडं हिच्यात, थोडं तिच्यात. काकूंनी जन्मात पहिल्यांदा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "गवतच हाय." पण वाटी खाली ठेवली नाही.

शेवटचा थेंब मी माझ्या वाटीत पाडला आणि तुमच्या खुर्चीकडे न बघता प्यायलो. जिभेवर काय आलं ते आता सांगतो, वर्षभर रोखून धरलं होतं. धान कापल्यावर बांधीत संध्याकाळी थोडी ओल उतरते, पेंढ्यांवर हात ठेवला की गार लागतं. तो वास. तो आत्ता आला असं नाही, मास्तर. रोज येत होता.

बाकी माझ्या मनातलं सगळं फिटलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही वर्षभर मला कॅन वाहायला लावलंत, ओतायला लावलंत, खोटं बोलायला लावलंत, आणि उशीला टेकून मजा बघितलीत. याचा राग आहे, तो राहील. आणि मी तीन वर्षं तुम्हाला पाणी चोरून पाजलं, त्याचा तुम्हालाही असेल. तो हिशेब बरोबर झाला.

पण एक गोष्ट तुमच्याकडे परत करायची राहिली आहे. त्या दिवशी खिडकीकडे बघून तुम्ही मला माफी दिलीत आणि मी "हो" म्हणून ती घेतली. तुमच्या घरातून माझं नसलेलं मी एवढंच काय ते नेलं. ती घ्या परत, मास्तर.